पत्र्यावरचे दगड

ही गोष्ट मी सात वर्षं कोणाला सांगितली नाही. सांगायची टाळली, असं म्हणणं जास्त खरं आहे. गल्लीत त्या वादळाचा विषय निघाला, की मी नळाला पाणी आलं का ते पाहायला उठायचो, नाहीतर गोळीची वेळ झाली म्हणायचो. आता मला एक्क्याऐंशी वर्षं झाली. ज्याच्यासमोर बोलायचं होतं तो माणूस याच वर्षी होळीच्या सुमाराला गेला, आणि त्यानंतर मी कागद पुढं ओढला. यात धीटपणा काही नाही, हे मला कळतं.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मध्येच पाय मागं घ्यायला जागा राहणार नाही. त्या वादळात आमच्या शेजाऱ्याच्या बायकोच्या उजव्या हाताचा चुरा झाला. दोष शेजाऱ्यावर आला. गल्लीनं दिला, त्याच्या मुलानंही दिला, आणि तो मुलगा अजून तसंच समजतो. तो दोष शेजाऱ्याचा नव्हता, माझा होता.

मी मोजणी खात्यात होतो. पैठण, सिल्लोड, कन्नड, अशा तालुक्यांतून चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. आधी साखळीनं, मग टेपनं, शेवटी शेवटी यंत्रानं. शेताच्या कोपऱ्यात हद्दीचा दगड असतो. एका पेरणीला तो चार बोटं सरकतो, पुढच्या पेरणीला आणखी चार, आणि काही वर्षांनी सख्खे भाऊ एकमेकांकडं पाठ करून झाडाखाली बसलेले असतात. दोघंही देवाची शपथ घेऊन सांगतात, आम्ही हात लावला नाही. दगड आपोआप हलत नाही, हलला म्हणजे कोणाच्या तरी मनात काहीतरी आहे, एवढं मी नोकरीत शिकलो. शेतावर ते बहुतेक वेळा खरं निघायचं. निवृत्त झालो तेव्हा घड्याळ आणि शालीबरोबर हेही घरी घेऊन आलो.

आमचं घर सिडकोतल्या जुन्या रो-हाऊसच्या ओळीत आहे. दोन घरांमध्ये एकच भिंत, आणि वर दोन गच्च्यांमध्ये कमरेइतका कठडा. इकडची बाई पदर खोचून तो कठडा सहज ओलांडते. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून प्रत्येकाच्या गच्चीवर टाक्या आणि पिंपं. उन्हानं पाणी तापतं आणि टाकी तडकते, म्हणून मी टाकीवर पत्र्याचं शेड केलं होतं. करणाऱ्यानं हुक कमी मारले. वाऱ्यानं पत्रा वाजायला लागला तेव्हा मी त्याला परत बोलावलं नाही, सगळे करतात तेच केलं. पत्र्यावर दगड ठेवले. घराच्या पायाचे उरलेले काळे दगड, एकेक दोन्ही हातांनी उचलावा लागेल असे. एकूण बावीस. खात्याची सवय म्हणून प्रत्येकावर लाल रंगानं नंबर टाकला. एक नंबर जिन्याच्या बाजूला, बावीस नंबर शेजाऱ्याच्या बाजूला.

बायको म्हणाली, "अहो, दगडांना कशाला नंबर? ते काय शाळेत जाणार आहेत?"

"हलला तर कळतो," मी म्हणालो.

शेजारी वाळूजच्या एका कंपनीत फिटर होता. तोही निवृत्त झालेला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मूळचा कन्नडकडचा, शेतकरी घरचा. मी त्याला मिस्त्री म्हणायचो आणि तो मला भाऊसाहेब. आमच्या दोघांच्या बायकांचं चांगलं जमायचं. माझी बायको तिला वहिनी म्हणायची आणि ती हिला ताई. उन्हाळ्यात दोघी मिळून कुरडया घालायच्या. चीक आमच्याकडं शिजायचा, सोऱ्या दाबायला ती. तिच्या हाताला जोर होता आणि कुरडई गोल उतरायची.

आम्हा पुरुषांचं तसं नव्हतं. माझ्या शेडच्या पत्र्याची कड कठड्याच्या वर वीतभर त्याच्या बाजूला गेली होती. मीच बांधून घेतलं आणि मीच मोजणीतला माणूस, त्यामुळं ती वीत मला रोज दिसायची. त्यानं कधी तक्रार केली नाही. त्यानं तक्रार न करण्याचाच मला संशय यायचा. मोजणीला गेल्यावर जो गप्प बसतो, त्याच्याकडं कागद असतो, असा माझा अनुभव होता.

एकदा मी वर गेलो तर तो आपल्या गच्चीवरून माझ्या पत्र्याकडं पाहत उभा.

"काय पाहताय, मिस्त्री?"

"हुक मोजतो, भाऊसाहेब. लई कमी हायेत."

"दगड आहेत की."

"दगडाला वारा भीत नाय. पत्रा उचलला की दगड पहिला निघतो, आन् तो खाली कुणाच्या डोक्यात जाईल ते सांगून जात नाय. काढा तेवढे. मी हुक मारून देतो."

"पाहू," मी म्हणालो. हुक मारायच्या निमित्तानं हा माझ्या गच्चीवर येणार आणि कड कुठवर आली आहे ते मापून घेणार, हे मी मनात लिहून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात तो मोबाइलवर माझ्या शेडचे फोटो काढताना दिसला. मी विचारलं नाही. खाली येऊन बायकोला सांगितलं, की हा केस तयार करतोय.

"कसली केस?" ती म्हणाली. "वहिनी सांगत होत्या, त्यांच्या गावाला पत्र्यावरचा दगड पडून त्यांचे चुलतसासरे गेले. तेव्हापासून ह्यांना दगड दिसला की झोप येत नाही."

"अशा गोष्टी केसच्या आधीच बऱ्या आठवतात."

ती माझ्याकडं पाहत राहिली. "तुम्ही कोणाचं कधी खरं मानलंय का हो?" असं म्हणून ती चहा टाकायला गेली.

मग एक दिवस सतरा नंबरचा दगड मला तिरका दिसला. मांजरानं केला असेल, वाऱ्यानं केला असेल. मी तो सरळ केला आणि त्याच्याभोवती खडूनं रेघ मारली. त्यानंतर रोज सकाळी मी चहाच्या आधी वर जाऊन त्या रेघा पाहत असे.

तो दिवस मे महिन्यातला होता. सकाळपासून हवा कोंदलेली. दोघींनी पहाटेच कुरडया घालून शेजाऱ्याच्या गच्चीवर वाळत टाकल्या होत्या. आमच्या गच्चीवर शेडची सावली पडते म्हणून. अकराच्या सुमाराला गल्लीच्या ग्रुपवर त्याचा निरोप आला. दुपारनंतर वादळी वारा आणि पाऊस येणार आहे. झाडाखाली गाड्या लावू नका. कुंड्या, बोर्ड, पत्र्यावरचे दगड खाली घ्या. खिडक्यांपासून लांब बसा. वीज चमकत असताना गच्चीवर जाऊ नका. नळाला पाणी येणार असलं तरी मोटार लावू नका. खाली पाच-सहा जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

मी त्यातलं "पत्र्यावरचे दगड" तेवढंच वाचलं. सगळ्या गल्लीत दगड ठेवलेला पत्रा दोघा-तिघांकडंच होता. माझं नाव न घेता मला चार लोकांत बोललेलं आहे, असं मी ठरवलं आणि जेवून पेन्शनच्या कामाला बँकेत निघून गेलो. बँकेच्या रांगेत त्याचे दोन फोन आले. मी स्क्रीनवर त्याचं नाव पाहिलं आणि दोन्ही वेळा फोन खिशात ठेवला. आज हा स्वतःहून फोन का करतो, याचाच विचार करत बसलो.

सव्वातीनला घरी आलो. कूलर घरघरत होता आणि त्याच्यापुढं बायको झोपलेली. गल्लीत माणूस नव्हतं. मी सवयीनं वर गेलो.

पत्र्यावर एकही दगड नव्हता.

बावीसच्या बावीस खाली, टाकीच्या बुंध्याशी, नंबरानं लावून ठेवलेले. आणि पत्र्यावरून एक निळी नायलॉनची दोरी गेलेली. त्याच्या गच्चीवरच्या लोखंडी खांबाला एक टोक, आडवीतिडवी माझ्या शेडवरून येऊन दुसरं टोक माझ्या जिन्याच्या खांबाला. गाठी पक्क्या, कारागिराच्या.

आज मला त्या दोरीत एका माणसाची तासाभराची मेहनत दिसते. उन्हात तापलेला पत्रा, बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचा माणूस, बावीस दगड. त्या दिवशी मला दोरी दिसली ती फक्त त्याच्या खांबापासून माझ्या खांबापर्यंत ओढलेली रेघ म्हणून. शेतात आम्ही अशीच दोरी ताणायचो, हद्द दाखवायला. माझ्या माघारी, माझ्या गच्चीवर येऊन, ह्यानं माझे दगड काढले आणि स्वतःची दोरी ओढली. 

मी गाठी सोडल्या. एक सुटेना, तेव्हा खालून विळी आणून कापली. दोरी गुंडाळून रिकाम्या पिंपात टाकली आणि वर झाकण लावलं. मग दगड उचलायला लागलो. स्टुलावर चढून एकेक वर सरकवत होतो. नंबर बघितले नाहीत. जागेवरही ठेवले नाहीत. पत्रा दाबायचा हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी ते शेजाऱ्याच्या बाजूच्या कडेला ओळीनं लावले, एकाला एक चिकटून, अगदी टोकावर, हद्दीचे दगड लावतात तसे. ही कड माझी आहे, हे त्याला उठल्याबरोबर दिसावं म्हणून. तेरा-चौदा लावले तोवर दम लागला. बाकीचे खालीच राहिले.

पश्चिमेला दौलताबादच्या बाजूनं आभाळ विटकरी झालं होतं. मी ते पाहिलं. वादळ येणार हे मला माहीत नव्हतं, असं मी पुढं स्वतःलाही सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. मी पाहिलं आणि खाली येऊन हात धुतले, चहा करून घेतला.

पावणेपाचला वारा सुटला. आधी धूळ आली. समोरच्या घराचं दार आपटलं, मग गल्लीतली सगळी दारं. बायको उठली आणि "कुरडया" म्हणत जिन्याकडं पळाली. मी खिडक्या लावायला लागलो. वर तिच्या आणि वहिनींच्या हाका ऐकू येत होत्या. चादर धरा, ते टोक धरा, असं काहीतरी. शेजारी तेव्हा खाली गल्लीत होता. कडुनिंबाखाली लावलेल्या लोकांच्या स्कूटर तो एकेक करून बाजूला काढत होता. वहिनी वर निघाल्या तेव्हा त्यानं त्यांना सांगितलेलं मी खिडकीतून ऐकलं होतं.

"जा, पटकन आवर. वर आता पडण्यासारखं काय नाय ठेवलेलं. पण वीज दिसली की खाली ये."

हे वाक्य मी ऐकलं. मला तेव्हाही ओरडून थांबवता आलं असतं. खिडकीची कडी माझ्या हातात होती. वारा थांबेल, दोन मिनिटांत त्या खाली येतील, दगड जड आहेत, असं काय काय मनात आलं. पण ओरडायचं तर सांगावं लागणार होतं, की दगड परत वर आहेत, आणि का आहेत. मी कडी लावली.

मग पत्रा उचलला गेला. तो आवाज मी ओळखतो. एकदा वर, मग खाली आपटणं, मग पुन्हा वर. त्याच्या मागोमाग दगड पडल्याचे आवाज, एक, दोन, मग बरेच. दिवे गेले. बायको ओरडली, "अहो, वर या."

वर पोहोचलो तेव्हा पाऊस आडवा मारत होता. वहिनी कठड्याला टेकून खाली बसल्या होत्या आणि माझ्या बायकोनं त्यांचा हात आपल्या पदरात धरला होता. कुरडया सगळीकडं भिजून चिकटल्या होत्या. वहिनी चादर उचलायला कठड्यावर हात टेकून वाकल्या होत्या, आणि दगड त्या हातावर आला. वीतभर इकडं पडला असता तर डोक्यातच गेला असता.

शेजारी धावत आला. त्यानं आधी दोघींना जिन्यात घेतलं, तिथंच बसवलं, पदर फाडून हात बांधला. वारा ओसरेपर्यंत कुणी बाहेर निघायचं नाही म्हणाला, कारण समोरच्या घरावरचा बोर्ड लोंबकळत होता. वारा ओसरल्यावर तो परत गच्चीवर आला. मी तिथंच उभा होतो. तो माझ्या पत्र्याकडं पाहत राहिला. मग खाली पडलेल्या दगडांकडं.

तोपर्यंत गल्ली जमली होती. समोरच्या बाई शेजाऱ्याकडं बोट करून म्हणाल्या, "दुपारी दोनला मी पाहिलं, हेच दगडांशी खटपट करत होते. मी म्हटलं, एवढ्या उन्हात काय करतायत."

"मी काढून खाली ठेवले होते," तो म्हणाला. "सगळे. दोरी बांधली होती."

"कुठंय दोरी?" हे त्याचा मुलगा. तो कंपनीतून नुकताच येऊन पोहोचला होता, हेल्मेट हातातच.

शेजाऱ्यानं आपल्या खांबाकडं पाहिलं. तिथं काही नव्हतं. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "भाऊसाहेब, तुम्ही आलात तेव्हा पाहिलं असंल. निळी दोरी. तुमच्या जिन्याच्या खांबाला."

पिंप माझ्यापासून चार हातांवर होतं.

"मी वर आलोच नाही," मी म्हणालो. "बँकेतून आलो आणि पडलो."

मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं दुसऱ्याच्या पत्र्यावर चढायला? काढायचे तर नीट काढायचे. अर्धे खाली, अर्धे कडेला ठेवून दिले. आन् वरून आईला सांगता, जा, आवर."

शेजाऱ्याच्या पायाशी तो दगड होता, ज्यानं हात गेला. त्यानं चपलेच्या टोकानं तो उलटा केला. नंबर वर आला. चार. चार नंबर नेहमी जिन्याच्या बाजूला असायचा, त्याच्या कडेला कधीच नव्हता.

"चार," एवढंच तो म्हणाला आणि माझ्याकडं पाहिलं. गल्लीतल्या कुणाला त्यातलं काही कळलं नाही. तो मुलाबरोबर दवाखान्यात गेला.

हाताची दोनदा शस्त्रक्रिया झाली. बोटं राहिली, पण मूठ वळत नव्हती. माझी बायको चार महिने रोज सकाळी जाऊन त्यांची वेणी घालायची, पोळ्या लाटून यायची. त्या घरातून आली की माझ्याशी बोलायची नाही. वादळाच्या संध्याकाळीच तिनं मला एकदा विचारलं होतं, "आल्यावर तुम्ही गच्चीवर गेला होता?"

"नाही."

"मोरीत विळी होती."

"मग असेल."

तिनं पुन्हा विचारलं नाही. मात्र तेव्हापासून मी बोलायला लागलो, की ती हातातलं काम थांबवून माझ्या तोंडाकडं पाहायची. आयुष्यभर मी लोकांकडं जसं पाहिलं तसं. बाजारातून आलो आणि भाजीवाला आज आला नाही म्हणालो, तरी ती क्षणभर थांबायची.

मी मात्र शेजाऱ्याच्या तक्रारीची वाट पाहत होतो. दारावर कोणी आलं, की वाटायचं आला. पोलिस येतील, निदान तो तरी येईल. तो आला नाही. चार नंबरचं त्यानं कोणाला सांगितलं नाही, मुलालाही नाही. मग मला त्याच्या गप्प बसण्याचाच संशय येऊ लागला. हा काय साधतोय, कशासाठी राखून ठेवतोय. एवढं करून मी त्याच्यावर संशय घ्यायचा सोडला नव्हता. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायला बसलो ते याचसाठी.

वर्षभरात मुलानं वाळूजकडं फ्लॅट घेतला. बाप-लेकाचं बोलणं तेव्हा कामापुरतं उरलं होतं. म्हातारा-म्हातारी गावी निघाले. सामानाचा टेम्पो भरल्यावर तो दारात आला.

"येतो, भाऊसाहेब."

"या."

"पत्रा तेवढा आवळून घ्या."

माझी बायको आत जाऊन रडली. दुसऱ्याच दिवशी तिनं माणूस बोलावून शेड उतरवलं. टाकी अजून उन्हातच आहे. कुरडया आमच्या घरात त्यानंतर झाल्या नाहीत.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आजारात एका दुपारी मी तिला मोसंबीचा रस देत होतो. ती म्हणाली, "त्यांची दोरी देऊन या."

मी चमचा धरून बसलो.

"पिंपात आहे," ती म्हणाली. "मी तेव्हाच पाहिली. जागची हलवली नाही. म्हटलं, स्वतःहून द्याल कधीतरी."

एवढी वर्षं तिनं मला वेळ दिला होता आणि मला वाटत होतं मी तिच्यापासून लपवतोय.

ती गेल्यावर वर्षानं मी गेलो. दोरी कापडी पिशवीत घातली आणि कन्नडची एसटी धरली. वेरूळ गेलं, डोंगर मागं पडला, तोवर चार वाक्यं पाठ केली. गाव कन्नडच्या अलीकडं आहे, फाट्यावरून अर्धा मैल. घर स्लॅबचं, पुढं पत्र्याची ओसरी. मी आधी पत्रा पाहिला. दर वितीला हुक, वर एक खडासुद्धा नाही.

"भाऊसाहेब? या, या. एवढ्या उन्हात कशाला आलात? फोन करायचा, मी फाट्यावर आलो असतो."

तो वाळला होता. वहिनींनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या दिला. ताईंचं कळलं तेव्हा येता आलं नाही, म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. चहा झाला. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. वहिनी आत जातील तेव्हा बोलू, असं ठरवलं. त्या गेल्या नाहीत. मग ठरवलं, त्यांच्यासमोरच बोलायला हवं, हात त्यांचा गेलाय. तोंड उघडलं, आणि बाहेर धूळ उठली.

"उठा, आतल्या खोलीत चला," तो म्हणाला. "इथं खिडकी समोर येते."

त्यानं मेन स्विच बंद केला, गाय गोठ्यातच आहे ना ते पाहिलं, आणि आम्हाला आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत नेलं. मला भिंतीच्या कोपऱ्यात पाटावर बसवलं, सगळ्यात सुरक्षित जागेत. स्वतः दाराशी बसला, बॅटरी मांडीत. पाऊस कोसळत होता. पत्रा वाजला नाही.

अर्धा-पाऊण तास आम्ही तिघं तसे बसलो. यापेक्षा चांगली वेळ मला मिळणार नव्हती.

"मुलगा येतो का?" मी विचारलं.

"पोळ्याला येतो. आईसाठी येतो." मग म्हणाला, "माझ्याशी बोलतो की. व्हय, नाय, एवढं बोलतो."

वहिनी म्हणाल्या, "माझ्या हातापायी बाप-लेकाचं तुटलं बघा, भाऊसाहेब. मी म्हणते, वाऱ्याचं काय कुणाच्या हातात असतंय? पण पोरगं ऐकत नाय."

बॅटरीचा उजेड शेजाऱ्यानं जमिनीवर ठेवला होता. मग माझ्या मांडीकडं पाहून म्हणाला, "पिशवीत काय आणलंय?"

पिशवीच्या तोंडातून बोटभर निळं दिसत होतं. त्याला ते दिसलं का, मला आजही माहीत नाही.

"काही नाही," मी म्हणालो.

"असू द्या," तो म्हणाला.

वारा गेल्यावर तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. रस्त्यात तारेखालून चालू नका, त्या बाजूनं चला, असं दोनदा सांगितलं. एसटी आली तेव्हा मला हाताला धरून चढवलं. खिडकीतून पाहिलं तर तो वाटेवर पडलेली फांदी ओढून कडेला लावत होता.

परत येताना मी ठरवलं, पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ. मग पावसाळा आला, मग गुडघे. मग यंदा ग्रुपवर त्याचा हार घातलेला फोटो आला. खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. मीही टाकलं.

दोरी इथं टेबलावर आहे. एका टोकाला विळीनं कापल्याची खूण आहे. हे कागद आणि ती दोरी मी त्याच्या मुलाकडं पाठवणार आहे, कारण त्याचा बाप खरं बोलत होता हे त्याला कळलं पाहिजे. पण ती चार वाक्यं मुलासाठी पाठ केलेली नव्हती. ती त्या खोलीत, बॅटरीच्या उजेडात, दाराशी बसलेल्या माणसाला म्हणायची होती:

मिस्त्री, तुम्ही सगळे दगड खाली काढले होते आणि दोरी बांधली होती. दोरी मी कापली आणि दगड मी परत ठेवले, तुमच्या कडेला, हद्द दाखवायला. वहिनींच्या हातावर पडला तो मी ठेवलेला दगड होता, आणि तुमच्या मुलासमोर मी खोटं बोललो. मला माफ करा.